दादाला नेमकं दाखवायचं कुठे? (मोठं झालंय, माफ करा)

शेवंती_सांगोला | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार, मी इथे वाचनमात्रच असते, पाककृतींचे धागे सोडून कधी कुठे लिहिलेलं नाही. आज लिहितेय कारण घरात कुणाशी धड बोलायची सोयच राहिली नाहीये.

माझा मोठा भाऊ, वय ४१, सांगोला तालुक्यात डाळिंब. लागोपाठ दोन वर्षं तेल्या रोगाने बाग गेली, शेवटी ह्या वर्षी झाडं उपटून टाकली. दिवाळीपासून त्याची झोप गेलीये. पहाटे तीनला उठतो आणि ओट्यावर बसून राहतो, कुणी विचारलं तर म्हणतो काय नाय गं, गरम होतंय. पहिल्यांदा छातीत धडधड म्हणून पंढरपुरात ईसीजी, मग सोलापूरला टूडी इको, दोन्ही नॉर्मल. मग पोट झालं, एंडोस्कोपी, ॲसिडिटीच्या गोळ्या. मग कुणीतरी मणका म्हणालं, एमआरआय. मधेमधे गावात ताकदीचं सलाईन लावणं चालूच. फाईल एवढी जाड झालीये की वहिनी ती खताच्या रिकाम्या गोणीत ठेवते. मग मामांनी सांगितलं बाहेरचं आहे, म्हणून तीन अमावस्या गाणगापूर झालं. तिथून आला की चार दिवस जरा बरा असतो, परत तेच.

मी पिंपरीला असते. आमचे हे म्हणतात मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. आई म्हणते येड्याच्या डॉक्टरकडं नेलंस तर पोरीला स्थळ कोण देईल (पोरगी सातवीत आहे). मला स्वतःला वाटतं कौन्सेलिंग. पण तालुक्यात कोण आहे, पहिल्यांदा कुणाकडे जायचं, आणि तो 'मला काय झालंय' म्हणणारा माणूस, त्याला उठवून न्यायचं कसं? तुमच्यापैकी कुणी ह्या वाटेने गेलं असेल तर प्लीज सांगा, तुम्ही पोचलात कसे.

कुंपणावरचा | मंगळवार, सकाळी ७:१०

ताई, आधी एक सांगतो, तुम्ही उशीर केला असं मनात आणू नका. छाती, पोट, मणका, देव, हा अगदी राजमार्ग आहे, बहुतेक घरं ह्याच रस्त्याने येतात आणि अर्ध्यातच थकून थांबतात. बेंगळुरूच्या निमहान्स ह्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मधे राष्ट्रीय सर्व्हे केला होता, त्यात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असं निघालं होतं.

मी स्वतः कसा पोचलो? दातामुळे. खरंच. रात्री झोपेत दात खाऊन खाऊन दाढ मोडली, डेंटिस्ट बाई म्हणाल्या तुमचा जबडा ठीक आहे, तुम्ही ठीक नाही. त्यांनीच चिठ्ठीवर एक नाव लिहून दिलं. ती चिठ्ठी पाच महिने पाकिटात होती.

उसाचा_रस | मंगळवार, सकाळी ९:३३

राग येईल पण बोलतो. ही सगळी शहरी फॅडं आहेत. आमच्या आज्याने ७२ चा दुष्काळ काढला, खडी फोडली, सुकडी खाल्ली, तो कुठे गेला होता सायकियाट्रिस्टकडे? पहाटे उठतोच आहे तर बारा सूर्यनमस्कार घालायला लावा. एकदा ह्या गोळ्या चालू झाल्या की आयुष्यभर सुटत नाहीत. आणि शेतकऱ्याचं दुखणं मालाच्या भावात आहे, डोक्यात नाही.

माईची_लेक | मंगळवार, सकाळी १०:०५

@उसाचा_रस, आमचे आबापण ७२ ला खडी फोडायला होते. आज्जी सांगायची की त्यानंतर दोन वर्षं ते जेवायला वाढ एवढंच बोलायचे. आम्ही नातवंडं म्हणायचो आबा शांत स्वभावाचे आहेत. आता वाटतं कुणी विचारलंच नव्हतं त्यांना. असो.

शेवंती, माझी आई चार वर्षं स्किनच्या डॉक्टरकडे जात होती, अंगावर किडे चालतात म्हणून. खाजवून खाजवून हात सोलले होते. शेवटी त्याच डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मलमाचं काम नाही हे. आम्ही इस्लामपूरजवळचे, पण गावात कळायला नको म्हणून मुद्दाम मिरजेला गेलो, आणि शेजाऱ्यांना सांगितलं लग्नाला चाललोय. आई खरंच काठपदराची साडी नेसून आली होती ओपीडीला! गोळ्यासुद्धा मिरजेतूनच आणायचो, कारण गावातला मेडिकलवाला म्हणजे आकाशवाणी. आज हसू येतं, तेव्हा फार जड गेलं होतं.

खडीसाखर | मंगळवार, दुपारी ३:२०

मी एमडी सायकियाट्री, तालुक्याच्या गावात चौदा वर्षं प्रॅक्टिस. न बघता इथे निदान करणार नाही, पण कुणाकडे जायचं हा गोंधळ तेवढा सोडवते.

न्यूरोलॉजिस्ट म्हणजे फिट्स, लकवा, नसांचे आजार. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे एमडी, डीएनबी नाहीतर डीपीएम केलेला डॉक्टर, औषध लिहू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, थेरपी आणि चाचण्या करतो, त्याचं बहुतेक वेळा एम.फिल. झालेलं असतं आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, तो नंबर मागायला लाजू नका. आणि 'कौन्सेलर' ही पाटी आपल्याकडे कुणीही लावतं, एमए सायकॉलॉजी केलेली उत्तम माणसं आहेत तशी शनिवार-रविवारचा कोर्स केलेलीही आहेत. तेव्हा शिक्षण विचारायचंच.

पहाटे जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, भूक आणि वजन कमी होणं, आधी ज्यात जीव रमायचा त्यात आता मन न लागणं, हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर आधी सायकियाट्रिस्टला दाखवा, कौन्सेलिंगचं तिथून ठरेल. पहिल्या भेटीत काय होतं ह्याचीच लोकांना जास्त भीती असते. शॉक नाही, खोलीत बंद करणं नाही. अर्धा-पाऊण तास प्रश्न, झोप, जेवण, दारू, कर्ज, घरात आधी कुणाला असं झालं होतं का, मग घरच्यांशी थोडं वेगळं बोलणं. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर झालेलं नसेल तर लिहून देतो, कारण ह्यातलं काही बिघडलं तरी माणूस असा होऊ शकतो. ती गोणीतली फाईल नक्की न्या!

आणि @उसाचा_रस, सवय लागते ती मुख्यतः झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, ज्या लोक मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेतात. डिप्रेशनच्या औषधाची तशी नशा किंवा चटक नसते, फक्त ते एकदम बंद करायचं नसतं, हळूहळू कमी करायचं असतं. ते कामाला लागायला दोन ते चार आठवडे जातात, कधी सहा. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी बेचैनी होऊ शकते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस पाचव्या दिवशी गोळ्या फेकून देतो आणि म्हणतो सोसलं नाही.

उसाचा_रस | मंगळवार, दुपारी ४:०२

ठीक आहे, गोळ्यांचं मला माहीत नव्हतं. भावाचा मुद्दा मात्र सोडत नाही.

खडीसाखर | मंगळवार, दुपारी ४:१५

सोडूच नका, तो मुद्दा मला ओपीडीत रोज भेटतो. भाव माझ्या हातात नाही, झोप थोडीफार आहे.

बडोदेकर_आजोबा | मंगळवार, रात्री ८:४८

गाणगापुरावर कुणी तुटून पडलं नाही हे बरं वाटलं. आमच्या गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा म्हणून गाव आहे, तिथे मीरा दातारचा दर्गा. बाधा झालेली माणसं लांबून लांबून येतात, हिंदूसुद्धा. तिथे दवा आणि दुआ नावाने काम चालू झालं, मुजावरांनाच, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांनाच शिकवलं की अशी अशी लक्षणं दिसली तर दुआ करा आणि शेजारच्या डॉक्टरकडेपण पाठवा. माणूस मुजावराचं ऐकतो म्हणून मग डॉक्टरचं ऐकतो. ह्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायची, तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण पळता न आल्याने जळून गेले. तेव्हा देवाला जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण बांधणं, मारणं, उपाशी ठेवणं, लिंबू-मिरची डोळ्यात घालणं असलं काही दिसलं तर तिथून उठायचं. महाराष्ट्रात तर २०१३ पासून त्याविरुद्ध कायदाही आहे.

तुमच्या मामांना दुखवू नका, त्यांनाच मधे घ्या. 'महाराजांचा आशीर्वाद झाला, आता औषध लागू पडेल' असं मामांच्या तोंडून आलं तर निम्मं काम होईल.

शेवंती_सांगोला | मंगळवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे खूप आभार, ऑफिसात लपूनछपून वाचत होते. डॉक्टर मॅडम, एक विचारायचं होतं, सकाळी लिहायचा धीर झाला नाही. वहिनीला तो परवा म्हणाला की मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं, सोसायटीचं कर्ज तरी माफ झालं असतं. वहिनी म्हणते ते रागात म्हणाले. मी काय करू?

खडीसाखर | मंगळवार, रात्री १०:४१

रागातलं आहे असं धरून चालू नका. आज रात्रीच वहिनींना फोन करा. फवारणीची सगळी औषधं घरातून आणि शेतातल्या खोलीतून हलवा, भावकीत कुणाकडे कुलपात ठेवायला द्या, दादांना सांगत बसू नका. झोपेच्या गोळ्या असतील तर त्या वहिनींच्या ताब्यात. पुढचे काही दिवस पहाटे तो ओट्यावर बसला की कुणीतरी शेजारी बसायचं, चहा करून. काही बोललं नाही तरी चालेल.

आणि सरळ विचारायचं. 'दादा, जीव द्यायचे विचार येतात का?' असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट बहुतेक वेळा माणूस सुटल्यासारखा बोलायला लागतो. हो म्हणाला, किंवा काही ठरवलंय असं वाटलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, एकटं सोडू नका, जवळच्या हॉस्पिटलला तातडीने न्या. १४४१६ हा टेलिमानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतून बोलता येतं. तुम्ही स्वतःसुद्धा लावू शकता, पेशंटनेच लावला पाहिजे असं नाही.

शेवंती_सांगोला | मंगळवार, रात्री ११:५८

लावला आत्ता १४४१६. भाषा विचारली, मराठी निवडलं, बाई बोलल्या, वीसेक मिनिटं. मीच रडले जास्त. त्यांनी तुमच्यासारखंच औषधं हलवायला सांगितलं, उद्या परत फोन करा म्हणाल्या. वहिनीने पुतण्याला बोलावून सगळं त्याच्या बोलेरोत टाकून पाठवलं. दादाला वहिनीनेच विचारलं. तो म्हणाला विचार येतात, पण पोरीकडं बघून जातात. वहिनी म्हणते पंधरा वर्षांत पहिल्यांदा रडताना बघितलं त्याला.

मांडवीकाठी | बुधवार, सकाळी ८:१५

मिठी गं तुला. मी गोव्याची. आमच्याकडे बांबोळीला आयपीएचबी आहे, सगळ्यांना माहीत असलेलं मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल, पण 'बांबोळीला नेला' हे वाक्य आजही गावात हळू आवाजातच बोलतात, तुमच्याकडे येरवडा आणि ठाण्याचं जसं. मला स्वतःला मात्र साध्या आरोग्य केंद्रातल्या एका बाईने धरलं. डॉक्टर नव्हे ती. संगात ही संस्था आमच्याकडे १९९६ पासून आहे, त्यांनी गावातल्याच बायकांना समुपदेशन शिकवून आरोग्य केंद्रांत बसवलं होतं, त्याचा अभ्यास पुढे लान्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात २०१० ला आला, आणि सरकारी केंद्रांत त्याचा फायदा दिसला. मला केंद्रातली ही बाई नंतर भेटली, बाळंतपणानंतर. बीपी बघायला गेले होते, ती म्हणाली झोप लागता काय? बस, तेवढंच.

पाऊसवेडा_रेडिंग | बुधवार, दुपारी १:४०

इंग्लंडमधला अनुभव लिहितो. इथे टॉकिंग थेरपीसाठी जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, स्वतः फॉर्म भरता येतो, नंबर लागायला वेळ लागला पण लागला. माझी अडचण वेगळीच झाली. थेरपिस्ट बाई चांगल्या होत्या, पण 'जीव घाबराघुबरा होतो', 'हुरहूर लागते', 'घालमेल होते', 'काळजात धस्स होतं' हे सगळं मी एकाच शब्दात 'अँक्शियस' म्हणून सांगत होतो, आणि त्या वहीत एकच शब्द चार वेळा लिहीत होत्या. सहा सेशननंतर पुण्यातल्या एका सायकॉलॉजिस्टकडे व्हिडिओवर सुरू केलं, मराठीतून, तेव्हा पहिल्याच तासात चुलत्यांच्या जमिनीचा विषय निघाला. तो इंग्रजीतून निघालाच नसता. दादांना डॉक्टर निवडताना त्यांच्या बोलीत ऐकून घेणारा निवडा एवढंच.

फक्कड | बुधवार, दुपारी २:२२

ऑनलाइनवरून आठवलं, सावध रहा. मी पहिल्यांदा एका 'माइंड पॉवर कोच'ला एकवीस दिवसांचे अठरा हजार दिले होते. रोज सकाळी आरशात बघून मी यशस्वी आहे म्हणायचं. एकविसाव्या दिवशी मी अठरा हजाराने गरीब होतो.

तलाठी_नव्हे | बुधवार, संध्याकाळी ६:३०

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणून आहे, जिल्हा रुग्णालयात सायकियाट्रिस्ट, आणि ठराविक वारी टीम तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात येते, गोळ्यापण तिथेच मिळतात. वार आधी फोन करून विचारा, नाहीतर हेलपाटा होतो, आणि औषध संपलंय असंही कधी ऐकावं लागतं. इकडे धाराशिवला आमची वहिनी आशा कार्यकर्ती आहे, शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पात घरोघरी जाऊन झोप, चिंता विचारायची असते त्यांना. ती म्हणते बायका लगेच सांगतात, बापे म्हणतात आमचं काय नाय, आणि मग गेटापर्यंत सोडायला येऊन हळूच विचारतात ते डॉक्टर कुठल्या वारी असतात.

विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायला पाहिजे. पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, ओपीडी आणि थेरपी खिशातूनच जाते. पॉलिसी काढून वाचा.

शेवंती_सांगोला | नऊ दिवसांनी, रात्री ९:१५

नेलं! सविस्तर लिहिते.

पंढरपूरची ओपीडी चौकशीत होती, पण दादा म्हणाला तिथं अर्धा तालुका असतो. शेवटी गावातले आमचे जुने डॉक्टर, ज्यांनी सलाईनं लावली तेच, त्यांना मी फोन करून सगळं सांगितलं. थोडे ओशाळले. मग त्यांनीच दादाला सांगितलं की तुझं हार्ट, पोट सगळं उत्तम आहे, बिघडलीये ती झोप, झोपेच्या डॉक्टरकडे मी चिठ्ठी देतो. माझं महिनाभराचं समजावणं एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. मामापण आले बरोबर, बडोदेकर आजोबा म्हणाले तसं मामांनाच पुढे केलं, त्यांनी अंगाऱ्याची पुडी खिशात ठेवली आणि फाईलीची गोणी खांद्यावर घेतली.

सांगोल्यातून रेल्वेने मिरज. का तर कुणी ओळखीचं दिसायला नको. वेटिंगमधे शिरलो तर समोर कोण, आमच्या सोसायटीचे चेअरमन! बायकोबरोबर बसलेले. दादा आणि ते दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. मला वाटलं आता दादा उठून जातोय. मग चेअरमनच म्हणाले, 'तुमच्याकडं पाऊस किती झाला?' अन् अर्धा तास दोघं पावसावर बोलत बसले, नंबर लागेपर्यंत. परत येताना दादा गाडीत म्हणाला, चेअरमन तीन वर्षं येतोय म्हणं.

डॉक्टरांनी पाऊण तास घेतला. कर्जाचं विचारलं, बागेचं विचारलं, झाडं कोणत्या दिवशी काढली ते विचारलं. बी-१२ फारच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं, आणि एक गोळी, सुरुवातीला अर्धी. मळमळ झालीच तिसऱ्या दिवशी, पण आधी सांगितलेलं असल्याने वहिनी घाबरली नाही.

उसाचा_रस | त्याच रात्री, ९:५०

चांगलं झालं ताई. तेल्याचं म्हणाल तर आमच्याकडे दोघांनी डाळिंब काढून सीताफळ लावलंय, दादांना बोलायचं असेल तर माझा नंबर व्यक्तिगत निरोपाने पाठवतो. घाई नाही.

शेवंती_सांगोला | पाच आठवड्यांनी

अपडेट द्यायची राहिली होती. आता पाचपर्यंत झोपतो. गेल्या आठवड्यात वहिनीला म्हणाला कालवण खारट झालंय, वहिनीला एवढा आनंद झाला की तिने मला फोन करून सांगितलं! सगळं छान नाहीये, मधे दोन दिवस परत ओट्यावर होता. आणि आता म्हणतोय मला बरं वाटतंय, गोळी बंद करू. डॉक्टर म्हणाले बरं वाटायला लागल्यापासून पुढे सहा ते नऊ महिने तरी. त्यावरून रोज वाद. चेअरमनशी बोलणार आहे म्हणतो, त्यांनी किती दिवस घेतली ते विचारायला.

नवीनच_आलोय | तीन दिवसांनी

पूर्ण धागा वाचला. माझे वडील लातूरला, ६८ वय, आई गेल्यापासून असंच आहे, घराबाहेर पडत नाहीत, डॉक्टरचं नाव काढलं की ताट सारतात. कसं न्यायचं काही सुचत नाही.

शेवंती_सांगोला | त्याच दिवशी

दादा, वडील जेवतात-झोपतात का नीट? मी नसतो तर बरं असं काही बोललेत का, ते आधी सांगा. आणि त्यांचा बीपी-शुगरचा जुना डॉक्टर कोण आहे? गावातलाच, ज्याला ते नावाने हाक मारतात असा कुणी?